तळटीपेचा आभास : जालशोध करणारे एआय सहायक आणि मराठी संदर्भसाधने

प्रस्तावना

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संवादी सहायकांविषयी मराठीत गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. यंत्र कविता करू शकेल काय, शिक्षकाची जागा घेईल काय, अशा प्रश्नांभोवती त्यातील बरेचसे लेखन फिरत राहिले. या सहायकांच्या हाती इंटरनेटवर थेट शोध घेण्याचे आणि संकेतस्थळे उघडून वाचण्याचे साधन आले, या बदलाची त्या मानाने फारशी चिकित्सा झालेली दिसत नाही. अध्यापन आणि संशोधन या दोन्ही क्षेत्रांच्या दृष्टीने मला हा बदल अधिक दूरगामी वाटतो. यंत्र पूर्वी आठवणीतून बोलत असे. आता ते संदर्भ देऊन बोलते. ज्याच्या बोलण्याखाली संदर्भ असतो त्याच्यावर विश्वास ठेवण्याची सवय आपल्याला विद्यापीठांनीच लावली आहे. मराठीच्या बाबतीत हा विश्वास कितपत रास्त ठरतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या बदलाचा इतिहास थोडक्यात असा. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा त्याची माहिती सप्टेंबर 2021 पर्यंतच येऊन थांबली होती. शोधयंत्राचा वापर करून उत्तर देणाऱ्या 'वेबजीपीटी' या प्रतिमानाचा प्रयोग ओपनएआयने डिसेंबर 2021 मध्येच प्रसिद्ध केला होता. परंतु सामान्य वापरकर्त्यापर्यंत ही सोय 2023 मध्ये पोचली. फेब्रुवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंग या शोधयंत्राला संवादी सहायक जोडला. मार्चमध्ये चॅटजीपीटीलाही महाजालावर फिरण्याची मुभा मिळाली. जुलैमध्ये ती काही काळ काढून घेण्यात आली, कारण पैसे भरून वाचावयाचा मजकूरही यंत्र फुकटात दाखवू लागले होते. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. गूगलने शोधाच्या माथ्यावर यंत्रनिर्मित सारांश देण्याची पद्धत ऑगस्ट 2024 मध्ये भारतात आणली. 2025 मध्ये एअरटेल आणि जिओ या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना अशा सहायकांची सशुल्क आवृत्ती ठरावीक मुदतीसाठी विनामूल्य देऊ केली. त्यानंतर मीरा-भाईंदरसारख्या शहरातील महाविद्यालयात, जेथे ग्रंथालयात बसण्यापेक्षा लोकलमध्ये उभे राहण्यात विद्यार्थ्याचा अधिक वेळ जातो, हे साधन वर्गातील जवळपास प्रत्येकाच्या खिशात आले.

धारावीचे उदाहरण

पदवीच्या प्रथम वर्षाच्या क्षेत्रीय प्रकल्पासाठी 'आपल्या परिसरातील एक ऐतिहासिक स्थळ' हा विषय मी दिला होता. एका विद्यार्थिनीने धारावी किल्ला निवडला. निवड उत्तम होती. भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनजवळच्या चौक गावाच्या टेकडीवर हा किल्ला आहे; 'जंजिरे धारावी' या नावानेही तो ओळखला जातो. उत्तन, डोंगरी, गोराई हा सारा प्रदेश पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखला जाई. वसईच्या खाडीचे मुख या टेकडीच्या टप्प्यात येते. म्हणूनच 1737 ते 1739 या काळातील वसईच्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात या जागेसाठी झुंज झाली. मे 1739 मध्ये वसई पडली, तिच्या आधी धारावी मराठ्यांच्या हाती आली होती.

विद्यार्थिनीने सादर केलेल्या मसुद्यातील पहिले वाक्य मात्र असे होते की, माहीमच्या खाडीकाठी इंग्रजांनी बांधलेला धारावी किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. इंग्रजांचा किल्ला पोर्तुगीजांकडून कसा जिंकला, असे मी विचारले. ती म्हणाली, "मॅडम, मी शोध चालू ठेवून विचारलं होतं. खाली दुवे आहेत ना."

दुवे होते. चार होते. मी चारही उघडून वाचले. दोन संकेतस्थळे मुंबईतील धारावीच्या काळ्या किल्ल्याविषयी होती आणि त्यांतील माहिती काळ्या किल्ल्यापुरती ठीक होती. तिसरे वसईच्या मोहिमेचा सर्वसाधारण आढावा घेणारे होते. तेही आपल्या जागी बरोबर होते. चौथे पर्यटनाचे इंग्रजी संकेतस्थळ होते, त्यात चौकच्या किल्ल्याचा दोन ओळींत उल्लेख होता. सदर वाक्याचा पूर्वार्ध पहिल्या दोघांत सापडत होता, उत्तरार्ध तिसऱ्यात. संपूर्ण वाक्य मात्र चारांपैकी कोणीही लिहिलेले नव्हते. त्याला कर्ताच नव्हता.

सहायकाजवळ शोधाचे साधन नसते तर त्याने कदाचित याहून मोठी चूक केली असती. परंतु ती चूक उघडी राहिली असती. विद्यार्थिनीला शंका घ्यायला जागा उरली असती. येथे प्रत्येक अर्ध्या सत्याखाली खरा दुवा होता आणि त्यामुळे असत्य बेरजेला प्रतिष्ठा मिळाली. तळटीप ही मुळात एक हमी असते : लिहिणाऱ्याने तो ग्रंथ उघडला, ते पान वाचले आणि आपले विधान त्या पानाशी ताडून पाहिले, अशी. यंत्राच्या उत्तराखालचा दुवा यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीची खात्री देतो आणि तीही नेहमीच देत नाही.

हे एकट्या भाईंदरमध्ये घडले असे नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 18 देशांतील 22 सार्वजनिक माध्यमसंस्थांनी चार प्रमुख सहायकांची बातम्यांविषयीची सुमारे 3000 उत्तरे तपासली. त्यांतील 45 टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष आढळला आणि 31 टक्क्यांत संदर्भ देण्यातच गंभीर चूक होती. पाहणी 14 भाषांत झाली. त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. ज्या भाषांत दररोज विपुल मजकूर महाजालावर येतो, त्या जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशसारख्या भाषांच्या समावेशासह हे प्रमाण निघाले, हे लक्षात घ्यावयास हवे.

मराठी मजकूर कोठे आहे?

सहायक शोध घेतो म्हणजे काय करतो, हे पाहणे येथे आवश्यक ठरते. आपला प्रश्न तो स्वतःच्या शब्दांत लहान करून शोधयंत्राकडे पाठवतो. आलेल्या यादीतील मोजकी पाने उघडतो, त्यांतील अक्षररूप मजकूर उचलतो आणि त्यावरून उत्तर रचतो. जे अक्षररूपात नाही, ते शोधयंत्राच्या सूचीत येत नाही आणि म्हणून सहायकाला दिसतही नाही. मराठीची अडचण नेमकी येथे सुरू होते.

संगणकावर मराठी 1990 च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर टंकलिखित होऊ लागली. परंतु ती दीर्घकाळ युनिकोडमध्ये नव्हती. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत देवनागरीचे केवळ चित्र असते. यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकला तर संगणक ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे नोंदवतो. पडद्यावर आपल्याला मराठी दिसते, शोधयंत्राला मात्र ती निरर्थक खिचडी दिसते. वृत्तपत्रे, सरकारी परिपत्रके, स्मरणिका, दिवाळी अंक, प्रबंध यांचे जवळपास दोन दशकांचे मराठी लेखन या पद्धतीने बंदिस्त झाले आहे. नष्ट झालेले नाही, पण सापडत नाही.

यात आपल्यासारख्या महाविद्यालयीन नियतकालिकांचा वाटा लहान नाही. मराठीतील शोधनिबंध कृतिदेव अथवा सुरेख या फॉन्टात पाठवावेत, ही सूचना अनेक नियतकालिकांच्या मलपृष्ठावर वर्षानुवर्षे छापली जात होती. माझे स्वतःचे पहिले दोन निबंध अशाच पीडीएफमध्ये आहेत. त्यांतील परिच्छेद निवडून दुसरीकडे उतरवला तर जे उमटते ते मलाही वाचता येत नाही. मग यंत्राने ते वाचावे ही अपेक्षा कोणी कोणाकडून करावी?

दुसरा मोठा साठा स्कॅन केलेल्या ग्रंथांचा आहे. वसईच्या मोहिमेविषयीचीच साधने घेऊ. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या 45 खंडांपैकी सोळावा खंड या मोहिमेच्या कागदपत्रांचा आहे. य. न. केळकर यांचे 'वसईची मोहीम' हे पुस्तक 1937 चे. अशी पुस्तके महाजालावर आढळतात ती पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. जुन्या खिळ्यांच्या छपाईतील जोडाक्षरे यंत्राने ओळखून अक्षररूप केली तर त्यांत इतक्या चुका राहतात की 'धारावी' हा शब्दच वेगळ्या रूपाने नोंदला जाण्याची शक्यता असते. विश्वासार्ह साधन आहे, पण ते मुके आहे. आणि पर्यटन संकेतस्थळावरील दोन ओळी तेवढ्या बोलक्या आहेत. सहायक बोलक्यांचेच ऐकतो.

याला सन्माननीय अपवाद आहेत आणि त्यांचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला, विसावा खंड यायला पुढची जवळपास चार दशके लागली. परंतु हे सर्व काम आज संकेतस्थळावर युनिकोडमध्ये उपलब्ध आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोशही महाजालावर वाचता येतो. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने शोधता येतील अशा रूपात ठेवले. 2003 पासून चालणाऱ्या मराठी विकिपीडियाचे स्वयंसेवक मानधनाशिवाय लिहीत आहेत. सहायकाला मराठीतून काही बरे सांगता येते ते बरेचसे या मंडळींच्या जोरावर.

जेथे मराठी मजकूर हाती लागत नाही तेथे सहायक इंग्रजीकडे वळतो, इंग्रजी पाने वाचतो आणि उत्तर मराठीत देतो. ही भाषांतराची पायरी वाचकाला दिसत नाही. उत्तनच्या कोळीवाड्यातील बोलीविषयी मी मुद्दाम विचारून पाहिले. होड्यांचे प्रकार, जाळ्यांची नावे, बोंबील वाळत घालण्याच्या मांडवाशी निगडित शब्द, असे माझे प्रश्न होते. उत्तर मिळाले ते कोणत्याही किनाऱ्याला लागू पडेल असे गुळगुळीत होते आणि त्यातील निम्मे शब्द प्रमाण मराठीतील होते. 'मला काही सापडले नाही' हे चार शब्द त्याने लिहिले असते तर ते उत्तर अधिक विद्वत्तापूर्ण ठरले असते. उत्तनच्या वृद्ध मच्छीमार स्त्रियांच्या तोंडी असलेले हे शब्द कोणत्याही संकेतस्थळावर नाहीत, ही माहितीच तेथे सर्वांत मोलाची होती.

जेथे शोध उपयोगी पडतो

या साधनाचा सरसकट निषेध करणे योग्य होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 च्या विनियमांनी एम.फिल. बंद केली. जुन्या स्मृतीवर चालणारा सहायक त्यानंतरही विद्यार्थ्यांना एम.फिल.च्या प्रवेशाची वाट दाखवत होता. ज्या पदवीचा उल्लेख माझ्या नावापुढे होतो ती आता मिळत नाही, हे त्याला थेट शोधामुळेच कळले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर 2023 मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर 2024 मध्ये. अशा बाबतींत कालचे ज्ञान आज चूक ठरते आणि जालशोध ती चूक सावरतो. शासन निर्णय सांकेतांकासह संकेतस्थळावर असतात. तो सांकेतांक दिल्यास सहायक नेमका कागद काढून देतो, हे मी अनुभवले आहे. जेथे स्रोत एक, अधिकृत आणि अक्षररूप असतो तेथे शोधाचे साधन खरोखर कामाचे आहे. स्रोत अनेक, विखुरलेले आणि परस्परविरोधी असतात तेथे निवड करावी लागते. निवड म्हणजेच चिकित्सा. ती अद्याप यंत्राच्या हातून नीट होत नाही.

चिकित्सेचे हे काम न झाल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयासमोर ऑक्टोबर 2025 मध्ये आले. प्राप्तिकर आकारणीच्या एका आदेशात ज्या तीन न्यायनिर्णयांचा आधार घेतला होता ते निर्णय अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि अशा यंत्रांनी दिलेले निकाल पडताळून पाहिल्यावाचून वापरू नयेत, असे बजावले. संदर्भाच्या रूपात काही छापलेले दिसले की ते खरे मानण्याची सवय शासकीय कचेऱ्यांतही किती खोल रुजली आहे, हे यावरून दिसते.

आपणही फार मोठा आव आणू नये. प्रकल्पाखाली किमान पाच संदर्भ हवेत, हा नियम आमच्याच विभागाने केला. ते पाच संदर्भ वाचले काय, हे तोंडी परीक्षेत विचारायला वेळ नसतो. पदोन्नतीच्या गुणांसाठी लिहिल्या जाणाऱ्या निबंधांतील संदर्भसूची ही पुष्कळदा न वाचलेल्या ग्रंथांची यादी असते. यंत्राने ही खोड आपल्याच लेखनातून उचलली, असे कोणी म्हटले तर मला तरी त्याचा प्रतिवाद करता येणार नाही.

वाचणे आणि ऐकणे

जालशोधाचा आणखी एक धोका आहे, तो तांत्रिक असल्याने त्याचा निर्देश थोडक्यात करतो आहे. पूर्वी पोस्टाबाहेर बसून निरक्षरांची पत्रे वाचून दाखवणारा मनुष्य असे. पत्रात 'या माणसाचे पैसे काढून घे' असे लिहिलेले असेल तर तो ते वाचून दाखवी. स्वतः पैसे काढून घेत नसे. सहायकाच्या ठिकाणी हा विवेक पक्का नाही. त्याच्यापुढे आपला प्रश्न आणि उघडलेल्या पानावरील मजकूर हे दोन्ही एकाच प्रवाहात येतात. एखाद्याने पानावर, वाचकाला न दिसेल अशा अक्षरांत, सहायकाला उद्देशून आज्ञा लिहून ठेवली तर तो ती मानण्याची शक्यता असते. संगणकतज्ज्ञांनी 2023 च्या आरंभापासून हा दोष दाखवून दिला आहे आणि त्यावर संपूर्ण उपाय सापडलेला नाही. केवळ माहिती विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे यात फार नुकसान होणार नाही. परंतु जो आपल्या ई-मेलची, शिष्यवृत्तीच्या अर्जाची किंवा बँकेच्या व्यवहाराची कामे अशा सहायकावर सोपवू लागला आहे, त्याने ही गोष्ट जाणून घ्यावी.

वाचकाचे येणे

मला अधिक चिंता वाटते ती मूळ लेखकाची. सहायक पान वाचतो, उत्तर देतो, वाचक तेथेच थांबतो. विकिमीडिया फाउंडेशनने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले की विकिपीडियावर मनुष्य-वाचकांच्या भेटी आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे आठ टक्क्यांनी घटल्या आहेत. यंत्रसारांश हे त्याचे एक कारण त्यांनी दिले. इंग्रजी विकिपीडिया ही घट सोसू शकेल. मराठीत एखाद्या किल्ल्यावर, एखाद्या बोलीवर लिहिणारा मनुष्य एकटाच असतो, त्याला मानधन नसते. वाचकाने केलेली एखादी दुरुस्ती, कोणा गावकऱ्याने कळवलेला एखादा तपशील, हीच त्याची मिळकत. वाचक त्याच्या पानापर्यंत पोचलाच नाही तर तो पुढचा लेख लिहीलच असे नाही. मग सहायकाने उद्या शोध घ्यायचा तो कशाचा? ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे समारंभ आपण केले. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम त्या मानाने नीरस आहे. त्याला व्यासपीठ लागत नाही आणि म्हणून बहुधा ते मागे पडते.

आमच्या विभागाने या वर्षी एवढेच केले की महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे जुने अंक रूपांतरित करावयास घेतले. रूपांतरक प्रणालीने रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून प्रत्येक पान विद्यार्थ्यांना मूळ अंकाशी ताडून पाहावे लागते. काम सावकाश चालले आहे. ते करताना विद्यार्थी अंक वाचत आहेत, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

धारावी किल्ल्याच्या विद्यार्थिनीने प्रकल्प पुन्हा लिहिला. एका रविवारी ती चौकला जाऊन आली. टेकडीवरून वसईच्या खाडीचे तोंड दिसते, हे तिने स्वतः पाहिले आणि माहीमची खाडी आपोआप तिच्या वाक्यातून गेली. त्यानंतर पेशवे दप्तराच्या सोळाव्या खंडाची स्कॅन केलेली प्रत तिला मिळवून दिली. त्यातील धारावीचा उल्लेख असलेली पत्रे ती हाताने युनिकोडमध्ये उतरवून काढते आहे. पहिल्याच पत्रातील तीन शब्द तिला लागले नाहीत. तिने ते मला दाखवले, मलाही लागले नाहीत. ते शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांच्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह घातले आहे.